मांडवली वेगळी, क्लेम वेगळा

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी पुण्याच्या कल्याणीनगरच्या पोर्शेची बातमी परत टाकली, अल्पवयीन पोरानं गाडीखाली दोघांचा जीव घेतला आणि निबंध लिहायच्या अटीवर त्याला जामीन मिळाला ती, आणि नेहमीचं सुरू झालं, फाशी द्या, बापालाही आत टाका, तीनशे शब्दांचा निबंध आम्ही लिहून देतो वगैरे. इथवर ठीक होतं. मग एका काकांनी त्यांच्या गावाकडची गोष्ट सांगितली, की एका घरातला कर्ता पोरगा टेम्पोखाली गेला आणि त्याच्या बायकोनं तीन महिन्यांच्या आत वकील गाठून भरपाईचा दावा टाकला, "नवऱ्याची राख थंड झाली नाही तोवर हिचा हिशोब सुरू". या वाक्याला चौदा अंगठे पडले. चौदा! त्यातले निम्मे लोक असे आहेत की एफडीचं व्याज दोन दिवस उशिरा आलं तर बँकेत जाऊन बसतात. मी तिथे काही बोललो नाही पण डोक्यातून ते जाईना. तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या बाईनं केलं ते बरोबर केलं, तीन महिन्यांत केलं हे तर जास्तच बरोबर केलं, आणि अपघातात माणूस गेलेल्या घराला कायद्यानं जे काही दिलंय त्यातली हीच एक गोष्ट खरोखर त्या घराच्या हातात असते. बाकी ज्याच्यावरून आपण ग्रुपवर भांडतो ते सगळं सरकारच्या हातात.

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण आपण दोन वेगळ्या केसेसची खिचडी करतो. गाडीखाली माणूस गेला की एफआयआर होतो ती फौजदारी केस, आणि ती "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक" अशी चालते, म्हणजे गेलेल्या माणसाची बायको तिच्यात पक्षकार नसते, फार तर साक्षीदार. कोर्टानं परवानगी दिली तर सरकारी वकिलाला मदत करायला आपला वकील लावता येतो, आरोपी सुटला तर अपील करता येतं, हे हक्क आहेत आणि वापरावेतच, पण तपास कसा होणार, कलम कुठलं लागणार, साक्षीदार कधी बोलावणार यातलं काहीच तिच्या हातात नाही. आणि शिक्षा म्हणाल तर वर्षानुवर्षं जुन्या दंड संहितेचं कलम ३०४ अ होतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेत ते कलम १०६ झालं आणि पाच वर्षांपर्यंत गेलं. त्याच कलमात पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतची तरतूद होती, तर जानेवारी २०२४मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या ते आठवत असेल, आणि ते पोटकलम बाजूला ठेवून बाकीचा कायदा लागू केला. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं तर शिक्षा मोठी होऊ शकते, पण २००६मध्ये कार्टर रोडच्या फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, तिथे सदोष मनुष्यवध सिद्धही झाला, आणि २०१२मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केलेली शिक्षा किती होती? तीन वर्षं. शिक्षेची मागणी सोडा असं मी म्हणत नाहीये. पण त्या सात घरांना तुम्ही "निकाल लागेपर्यंत पैशाचं नाव काढू नका" असं सांगणार होतात का? सहा वर्षं?

दुसरी केस क्लेमची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६खाली दावा न्यायाधिकरणात जायचं, जिल्हा कोर्टात गेलात की कोणीही दाखवेल कुठे ते. इथे बायको, मुलं, आईबाप हेच अर्जदार, आणि समोर ड्रायव्हर, गाडीचा मालक आणि इन्शुरन्स कंपनी. अपघात सोलापूर रोडला झाला आणि तुम्ही अकोल्याला राहता तर अकोल्यालाही दावा टाकता येतो, हे कितीतरी लोकांना माहीत नसतं आणि ते परगावच्या कोर्टाच्या भीतीनं गप्प बसतात. फौजदारीत शंकेचा फायदा आरोपीला, इथे मात्र "असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त" एवढं पटलं तरी पुरतं, त्यामुळे ड्रायव्हर तिकडे निर्दोष सुटला म्हणून इकडचा दावा आपोआप पडत नाही. ज्यांच्यात एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टच्या कॉप्या जपून ठेवणारं कोणी असतं ती घरं इथे तगतात, बाकीची कागद गोळा करण्यातच थकतात.

आणि हा हक्क काही आकाशातून पडलेला नाही. जुन्या इंग्रजी कायद्याचा नियम असा होता की माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला. म्हणजे कोणाच्या घोडागाडीनं तुमचा पाय मोडला तर भरपाई मागता यायची, जीवच घेतला तर घरच्यांना छदाम नाही, थोडक्यात जखमी करण्यापेक्षा मारून टाकणं स्वस्त. विलायतेत हा नियम १८४६ला मोडला, आपल्याकडे १८५५ला जीवघेण्या अपघातांचा कायदा आला, तेव्हा बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, १८५६ला, विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला आणि त्यात एक मेख होती, विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. आता बघा, २०२३मध्ये मुंबई हायकोर्टात एक इन्शुरन्स कंपनी जवळपास हेच घेऊन उभी होती, की या बाईनं आता दुसरं लग्न केलंय मग हिला पहिल्या नवऱ्याची भरपाई कशाला. नवरा अपघातात गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कोर्टानं ते म्हणणं उडवून लावलं, भरपाईसाठी तिनं जन्मभर विधवाच राहावं अशी अपेक्षा करता येत नाही म्हणून. मध्ये १६७ वर्षं गेली, आणि खरं सांगू का, ती कंपनी आणि आमच्या ग्रुपवरचे काका यांचं म्हणणं मला एकच वाटतं, बाईनं दुःख करावं, हिशोब करू नये.

आता काकांच्या बाजूनं जे सगळ्यात वजनदार बोलता येईल ते मीच बोलतो. पैशानं सगळं विकत घेता येतं हाच तर रोग आहे, पोर्शे प्रकरणात पोराच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप आहे, त्यात सरकारी डॉक्टरांना अटक झाली, आणि अशा ठिकाणी गेलेल्याच्या घरच्यांनीही पैशाची भाषा सुरू केली की समोरच्याचं काम सोपं, "किती पाहिजेत बोला". हे खोटं नाही, मी स्वतः पाहिलंय. पण त्याला क्लेम म्हणत नाहीत, त्याला मांडवली म्हणतात, आणि या दोन्हीला एकाच तराजूत घालणं हीच या सगळ्या वादातली चूक आहे. मांडवली होते हॉस्पिटलच्या आवारात नाहीतर तेराव्याच्या आधी कोणाच्या तरी ओसरीवर, मध्यस्थ गावातलाच वजनदार माणूस असतो, दोन-तीन लाख रोख ठेवतात आणि अट कायम एकच, केस वाढवू नका, साक्षीत "गाडी नीट दिसली नाही" म्हणा. अट अशी का? कारण हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्यांच्या यादीतच नाही, तो मिटवायचा तर आधी पुरावाच मेला पाहिजे. आणि पुरावा मेला की क्लेमही मेला, कारण न्यायाधिकरणात पहिला कागद एफआयआरच मागतात. म्हणजे मांडवली क्लेमचा धाकटा भाऊ नाही, ती क्लेमची सुपारी आहे.

किती मोठी सुपारी ते आकड्यात बघा. समजा एक गॅरेजवाला, वय ३४, महिन्याला १८,००० कमवायचा, घरी बायको, दोन पोरं आणि आई. वर्षाचे झाले २,१६,०००. चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढे कमाई वाढली असती त्याचे ४० टक्के धरायचे, हे २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरवून दिलंय, झाले ३,०२,४००. चौघं त्याच्यावर अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, राहिले २,२६,८००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा, १६, तो सुप्रीम कोर्टाच्याच २००९च्या निकालातला. गुणाकार करा, ३६,२८,८००. शिवाय सहवास गेला त्याचे, अंत्यसंस्काराचे वगैरे ठरलेले आकडे आणि वर व्याज. हा माझा अंदाज नाही, पाढा आहे, कोर्टात उत्पन्न सिद्ध झालं तर साधारण असाच चालतो. आणि ओसरीवर त्याला तीन लाखांत गुंडाळतात, वर "देवमाणूस म्हणून एवढे तरी दिले" हे ऐकवतात. बरं एक विचारतो, जुलै २०२३मध्ये समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली तेव्हा सरकारनं पाच-पाच लाखांची मदत जाहीर केली, ती घेणाऱ्यांना कोणी पैशाला हपापलेले म्हणालं का? नाही ना. कारण मदत म्हणजे कोणाच्या तरी मेहेरबानीनं मिळालेलं. दावा म्हणजे स्वतः उभं राहून मागितलेलं, आणि तेच आपल्याला खुपतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार लोकांचा आहे. ते म्हणतात की पैसे तर इन्शुरन्स कंपनी भरते, ज्यानं मारलं त्याच्या खिशाला काय झळ लागली, मग यात न्याय कुठे? अर्धं मान्य. साध्या केसमध्ये, लायसन असलेला ड्रायव्हर, चालू पॉलिसी, खरंच कंपनीच भरते आणि मालकाला फारसं जाणवतही नाही. पण थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा, सक्तीचा केला तोच मुळी यासाठी, की टेम्पोवाल्याकडे छत्तीस लाख नसतात. त्याला रस्त्यावर आणून त्या घराला काय मिळणार, त्याचा खटारा टेम्पो? आणि जिथे आपल्याला सगळ्यात जास्त चीड येते तिथेच हा आक्षेप लंगडा पडतो. गाडी बिनलायसनच्या पोरानं चालवली असेल तर पॉलिसीची अट मोडलेली असते, मग कोर्टं साधारणपणे कंपनीला सांगतात की आधी घरच्यांना द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. दारू पिऊन चालवणंही २०१९च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या बचावाच्या यादीत आलंय. म्हणजे अल्पवयीन पोराच्या हातात चावी देणाऱ्या बापाला फौजदारीत काय व्हायचं ते होवो, कलम १९९ अ आहे, तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि पंचवीस हजार दंड, पण पंचवीस हजार त्याच्या एका टायरची किंमत असेल. वसुलीत मात्र आकडा लाखांत नाहीतर कोटींत जातो. (जाता जाता, जुनी गाडी विकून आरसी नावावर करून न देणाऱ्यांनी पण हे वाचून ठेवा. रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, गाडी तुम्ही कोणाला का विकलेली असेना.)

तिसरा आक्षेप मला खरंच निरुत्तर करतो, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. तुमच्या त्या पाढ्यात सुरुवात पगारापासून होते, मग आयटीवाल्याचा जीव दोन कोटींचा आणि हमालाचा दहा लाखांचा का? याला माझ्याकडे छान उत्तर नाही. कायदा म्हणतो की आम्ही जिवाची किंमत करतच नाही, घराचं जे उत्पन्न बुडलं तेवढं मोजतो. ठीक आहे, पण मग ज्या बाईचा पगारच नाही तिचं काय? १९९४मध्ये कायद्याला जे परिशिष्ट जोडलं त्यात न कमावणाऱ्या माणसाचं मानीव, म्हणजे गृहीत धरायचं, उत्पन्न वर्षाला १५,००० होतं, महिन्याला नाही, वर्षाला, आणि तो आकडा वीसहून जास्त वर्षं पुस्तकात तसाच पडून होता, तेवढ्या काळात गॅसचा सिलिंडर कुठून कुठे गेला बघा. न कमावणाऱ्या जोडीदाराला त्यात कमावत्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश धरायचा, जणू ती घराचा तिसरा हिस्साच. हे बदललं कोणी? रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलेल्यांनी नाही, दावा टाकून वर्षानुवर्षं भांडलेल्या घरांनी. २००१मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या कामाचे महिन्याला ३,००० धरले, आणि जानेवारी २०२१मध्ये एका अपघाताच्या दाव्यात स्पष्टच लिहिलं की घरकाम हे कामच आहे आणि त्याचं उत्पन्न धरलंच पाहिजे. त्या निकालात जनगणनेचा आकडा आहे, घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बायका जवळपास १६ कोटी, पुरुष ५८ लाखांच्या आसपास. सरकारच्याच २०१९च्या वेळ-पाहणीत बायका दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात असं निघालं, पुरुष ९७. हे सगळं देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या कागदावर कुठून आलं, तर कोणाची तरी आई गाडीखाली गेली आणि तिच्या मुलांनी तिचा हिशोब मागितला म्हणून. ज्याला काका हिशोब म्हणून नाक मुरडतात त्याच हिशोबानं पहिल्यांदा मान्य केलं की ती बाई दिवसभर काम करत होती. हमालाचा प्रश्न मात्र उरतोच, तो मी सोडवल्याचा आव आणत नाही.

बाकीचे आक्षेप भराभर. खोटे क्लेम होतात का? होतात, भलतीच गाडी दाखवून केलेले दावे उघडकीला आलेत, पण बोगस रुग्ण निघतात म्हणून कोणी हॉस्पिटल बंद करा म्हणत नाही. वर्षं लागतात का? लागतात, आणि वर कंपनी हायकोर्टात अपिलात गेली की अजून. वकील टक्का मागतात का? मागतात, आणि अमेरिकेत तो कायदेशीर असला तरी आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमात निकालावर ठरणारी फी घ्यायला मनाई आहे, तेव्हा "पंचवीस टक्के माझे" म्हणणाऱ्याला तोंडावर विचारा की हे पावतीवर लिहून देता का. बाईला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तालुक्यालाही समिती असते. लोकअदालतीत मिटवायचं तर जरूर मिटवा, ती मांडवली नाही, तिथे आकडा कागदावर येतो आणि तुमच्या साक्षीला कोणी हात लावत नाही, फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सहीच्या आधी तो वरचा पाढा घरी एकदा करून बघा. तसंच कलम १६४ मध्ये कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख मिळतात, नड असते तेव्हा ते मोठे वाटतात, पण ते स्वीकारले तर १६६चा मोठा दावा तिथेच संपतो. आणि स्वतःच्याच चुकीनं गाडी झाडावर घालून माणूस गेला असेल तर थर्ड पार्टीतून काही नाही, तिथे मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का तेवढं पॉलिसीत बघायचं.

आता त्या तीन महिन्यांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आलाय. १९८८च्या कायद्यात दावा टाकायला सहा महिन्यांची मुदत होती. लोक दुःखात असतात, कागद मिळत नाहीत, गरिबाला हे माहीतच नसतं, हे लक्षात आल्यावर १९९४मध्ये मुदत काढून टाकली, आणि पुढची सत्तावीस वर्षं ती नव्हती. २०१९च्या दुरुस्तीनं ती परत आणली, १ एप्रिल २०२२पासून लागू. जी चूक एकदा दुरुस्त केली तीच परत केली, आणि त्यावर ना मोर्चा निघाला ना ट्रेंड चालला, आपण तेव्हा हेल्मेटच्या दंडावरचे मीम फॉरवर्ड करत होतो. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर २०२५मध्ये कोर्टानं तूर्त मुदतीच्या कारणावरून दावे फेकू नका असा अंतरिम आदेश दिला, पण अंतरिम म्हणजे अंतरिम. नवीन नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, म्हणजे कागदोपत्री घरच्यांना धावपळच पडू नये. कागदोपत्री. तर अशा व्यवस्थेत जी बाई वर्षश्राद्ध होईपर्यंत लोकलाजेनं घरात बसते तिला कायदा उद्या म्हणू शकतो की उशीर झाला. आणि जी तिसऱ्या महिन्यात उठून कोर्टात जाते तिला आपण चौदा अंगठे देऊन सांगतो की घाई झाली.

ज्यांना समोरची गाडीच सापडली नाही त्यांचं तर अजूनच वेगळं. हिट अँड रनमध्ये मृत्यूला आधी २५,००० मिळायचे, १ एप्रिल २०२२पासून दोन लाख झाले, अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे, वकील लागत नाही. २०२२ या एका वर्षात देशात ६७,३८७ हिट अँड रन झाले, त्यात ३०,४८६ माणसं गेली, आणि २०२२-२३मध्ये या योजनेत अर्ज किती आले? २०५. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२४मध्ये हे बघून पोलिसांनाच सांगितलं की घरच्यांना योजनेची माहिती द्या. म्हणून हे लिहायच्या आधी मी एका तहसील कचेरीत मुद्दाम जाऊन आलो, म्हटलं तो फॉर्म बघावा तरी कसा असतो. खिडकीतल्या माणसानं शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं आत जाऊन कोणाला तरी विचारलं, मग बाहेर येऊन मला म्हणाला, "साहेब, ते पीएम किसानचं असेल, शनिवारी कॅम्प आहे, तेव्हा या."